बूड खोटं बोलत नाही

दाभणमावशी पिक्चर आधी हातानं बघायची, मग डोळ्यांनी.

सोमवारी सकाळी नऊच्या सुमाराला ती थिएटरच्या मागच्या दारानं आत शिरायची. खांद्याला पिशवी, पिशवीत दाभण, सुतळी, कात्री, हातोडी आणि डबाभर बारीक खिळे. हातात बॅटरी. पडदा पांढराफटक, पंखे बंद, आणि चारशे वीस खुर्च्या अंधारात गप बसलेल्या, शिक्षा झालेल्या वर्गासारख्या. मावशी पहिल्या रांगेपासून सुरुवात करायची. गादीच्या पुढच्या कडेवर तळवा ठेवून दाबायची, खुर्चीच्या हातांवरून बोटं फिरवायची, पाठ चाचपायची. झाली की पुढची. शेळी विकत घेणारा जसा शेळीची पाठ चाचपतो, अगदी तसं. शेवटच्या रांगेला पोचेस्तोवर दहा वाजायचे. मग कमरेवर हात ठेवून ती रिकाम्या थिएटरला निकाल सांगायची.

"हा चार दिवसांत जातोय."

किंवा, "याला हलवू नका. हा पळतोय."

गादी शिवायची लांब, जाड सुई म्हणजे दाभण. ती तिच्या हातात असायचीच. लोक म्हणायचे, जिभेलाही एक बांधलेली आहे. म्हणून दाभणमावशी. खरं नाव नवऱ्याला आठवत असेल, पण तो बोलेल तेव्हा ना. थिएटरसमोरच्या गल्लीत कुलूपवाल्याला खेटून त्यांचं दहा बाय बाराचं दुकान होतं. स्कूटरची सीट, टॅक्सीची सीट, न्हाव्याची खुर्ची, दातांच्या डॉक्टरांची ती मागं कलंडणारी खुर्ची, ज्याला ज्याला म्हणून माणूस टेकतो ते सगळं तिथं शिवून मिळायचं. नवरा मशीनवर. एकोणतीस वर्षं तो त्याच मशीनवर मान खाली घालून बसलेला. दिवसभरातले त्याचे शब्द मोजायचे म्हटले तर एका हाताची बोटं उरली असती. थिएटरात तर तो आणखी सोपा होता. दिवे गेले की हा गेला. लग्नानंतरच्या पहिल्या पिक्चरलाही तो नावं येईपर्यंत टिकला नव्हता.

मावशीनं आपलं सगळं शास्त्र न्हाव्याला समजावून सांगितलं होतं. न्हाव्याच्या खुर्चीला नवं रेक्झिन चढत होतं आणि तो स्टुलावर बसून चहा फुंकत होता.

"माणसाचं तोंड खोटं बोलतं," ती म्हणाली. "बाहेर येऊन म्हणेल, छान होता हो. तिकीट बायकोनं काढलं असलं तर म्हणेलच, घरी जायचंय त्याला. पण बूड खोटं बोलत नाही. पिक्चरनं धरलं की माणूस पुढं सरकतो, सगळं वजन पुढच्या कडेवर. कंटाळला की खाली घसरतो, गुडघे पुढच्याच्या पाठीला लावतो, आणि डोक्याचं तेल पाठीच्या मध्यावर उतरतं. आणि नखं बघा. भ्यालेल्याची नखं रेक्झिनात आत रुततात. कंटाळलेला शिवणीचा धागा ओढत बसतो. वीतभर धागा लोंबताना दिसला की समजायचं, मध्यंतरानंतर गोष्ट आडवी झाली."

"मग तो भुताचा कसा होता?" न्हाव्यानं विचारलं. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलायला त्याला काहीतरी लागायचंच.

"अठरा खुर्च्या फाडल्या त्यानं माझ्या. त्या बघा, मागं रचल्यात." दुकानाच्या मागच्या भिंतीला गाद्यांची थप्पी छतापर्यंत गेली होती. "भूत चांगलं होतं. पण शेवटी ते भूत कुठलं, कुणाचं, का आलं, सांगत बसले. भुताला कुणी पत्ता विचारतं का? तिथं मी जांभई दिली."

"आणि लग्नाचा?"

"अडीच तास कपडे. शिलाई मात्र नामी. नवरीची पाठ बघून म्हटलं, हिचा शिंपी हिरो करायला हवा होता."

"आणि धुराचा?"

"त्याचं नाव काढू नका. हिरो नऊ वेळा धुरातून चालत येतो. नऊ. मी मोजलेत. चौथ्यांदा वाटलं, आला वाटतं कुणीतरी. नवव्यांदा वाटलं, बिचाऱ्याच्या घरी चूल पेटत नसणार."

न्हावी इतका हसला की चहा नाकात गेला. मशीनवरचा नवरा हसला नाही, पण मशीन क्षणभर थांबलं. म्हणजे तोही हसला.

पिक्चरची खरी नावं तिच्या लक्षात राहायची नाहीत. भुताचा, धुराचा, लग्नाचा, अशी तीच बारशी करायची आणि आठवड्याभरात अख्खी गल्ली त्याच नावांनी तिकिटं मागायची. खिडकीवर बसणारा माणूस वैतागायचा. मग त्यानंही पाट्यांवर बारीक अक्षरात तीच नावं लिहायला घेतली.

तिला पिक्चर फुकट बघायला मिळायचे. थोरल्या मालकांनी घातलेली रीत होती ती: ज्या खुर्च्या शिवशील त्यांच्यावर बसून बघ, म्हणजे शिवण टिकते का तेही कळेल. त्यामुळं चोवीस वर्षांत मावशीनं निम्मे पिक्चर खांबाआडून पाहिले, काही दाराच्या पडद्याला लागून, आणि एक तर पूर्ण वाकडी बसून, कारण त्या खुर्चीचा एक पाय हलत होता. शुक्रवारचा पहिला खेळ मात्र तिला कधीच मिळाला नाही. त्या खेळाला मधल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर पेपरातला परीक्षणवाला बसायचा. त्याला मालक थंड बाटली नेऊन द्यायचे. मावशी सोमवारी त्याच खुर्चीची गादी चाचपायची आणि म्हणायची, "हा मेला मध्यंतरापर्यंतच बसतो. पुढची कड कोरी आहे."

आता तिच्या फजितीची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

वर्षापूर्वी एक घोड्याचा पिक्चर आला होता. सोमवारी मावशीनं हात फिरवला तर मधल्या चार रांगा पुढच्या कडेला पार दबलेल्या. अशा कडा तिनं जन्मात पाहिल्या नव्हत्या. ती दुकानात आली ती ओरडतच. "दोन महिने! लिहून घ्या, दोन महिने हलत नाही!" वरच्या मजल्यावर राहणारी धाकटी जाऊ तर घरातली, माहेरची, शेजारची मिळून अकरा माणसं घेऊन गेली. पिक्चरमध्ये घोडा होता आणि घोड्याचं कौतुक होतं, बाकी काही नव्हतं. मध्यंतरात जावेची माहेरची आत्या रडायला लागली, मला घरी सोडा म्हणून. गुरुवारी पिक्चर उतरला.

झालं होतं असं, की त्या चार रांगांत मावशीनंच आदल्या आठवड्यात नवा स्पंज भरला होता. स्वस्तातला, मऊ. माणूस बसो न बसो, तो आपणहून पुढं दबायचा. मावशीनं पिक्चर वाचला नव्हता, स्वतःचंच काम वाचलं होतं. हे तिला बुधवारीच कळलं. तिनं गपचूप चारही रांगा उसवून काथ्या भरला आणि कुणाला काही सांगितलं नाही. पण अशी गोष्ट लपते थोडीच. तेव्हापासून तिनं तोंड उघडलं की जाऊ जिन्यातून विचारायची, "वहिनी, हे तुमचं मत की स्पंजचं?"

तर यंदा एका सोमवारी मावशी नेहमीसारखी आत शिरली. थिएटरात शुक्रवारपासून एक बारका पिक्चर लागला होता. कुणी ओळखीचं नव्हतं त्यात. पोस्टरवर एक म्हातारा आणि एक बस, बास. तीन दिवसांत कुठल्याच खेळाला चाळिसाच्या वर माणूस नव्हता. दारावर पुढच्या शुक्रवारची पाटी आधीच लागली होती: धुराच्या पिक्चरचा दुसरा भाग.

तिनं बॅटरी पेटवली आणि माणसं बसून गेलेल्या खुर्च्या शोधत निघाली. पहिली सापडली. कड दबलेली. दुसरी. दबलेली. तिसऱ्या रांगेत पाच जण शेजारी शेजारी बसले होते. पाचही गाद्यांच्या कडेला खळगे. मावशी थबकली. तिनं गादी उलटी केली, दाभण घालून आत काय भरलंय ते बघितलं. काथ्या. तिच्याच हातचा, जुना, टणक. तिथं स्पंजचा मागमूस नव्हता. तरी तिचा स्वतःवर विश्वास बसेना. ती मागच्या रांगांत गेली, जिथल्या गाद्या तिनं पाच वर्षांत उघडल्या नव्हत्या. त्याही दबलेल्या. एकही धागा ओढलेला नाही. आणि खुर्च्यांच्या हातांवर नखांच्या खुणा नव्हत्या, बोटांचे ठसे होते, धरून ठेवल्यासारखे.

इतक्यात झाडूवाली वहिनी कचऱ्याची पिशवी ओढत आली. तोंड फुगलेलं.

"काय गं, सकाळी सकाळी?"

"बघा की मावशी. पॉपकॉर्नचे पुडे. भरलेले. भरलेले टाकून गेलीत माणसं. खायचं नव्हतं तर घेतलं कशाला? सगळे सांडलेत खुर्च्यांखाली. धुराच्या वेळी बघा, पुडा चाटून पुसून ठेवला होता सगळ्यांनी. तेव्हा माझं काम अर्ध्या तासात आटपलं होतं."

मावशीनं पिशवीत हात घातला. एकेक पुडा काढून बघितला. वरचा घास गेलेला, खाली जसंच्या तसं. माणसं खायला विसरली होती.

दुपारच्या बाराच्या खेळाला ती बसली. एका बस चालवणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट होती. त्याची नजर जाते आहे आणि तो ते मुलीपासून लपवतो. मुलगीही बस चालवते, बापाच्याच मार्गावर. तिला ठाऊक आहे की बापाला दिसत नाही. बापाला ठाऊक आहे की तिला ठाऊक आहे. आणि दोघं रोज सकाळी हवापाण्याच्या गप्पा मारतात. शेवटाकडं मुलगी रिकाम्या बसमध्ये बापाला मागं बसवून सगळ्या मार्गावर फिरवते. म्हातारा डोळे मिटून एकेका थांब्याचं नाव सांगतो. इथं उतार, इथं गटाराचं झाकण, इथं वळताना बस डावीकडं झोल खाते. एक थांबा तो चुकतो. मुलगी "बरोबर" म्हणते.

दिवे लागले तेव्हा मावशीच्या पदरात पॉपकॉर्नचा भरलेला पुडा होता. ती डोळे पुसत बसली नाही. तिला संताप आला होता. असला पिक्चर चाळीस माणसांनी बघायचा?

ती तडक मालकांच्या खोलीत गेली. हे मालक म्हणजे थोरल्या मालकांचा मुलगा, तिशीतला, सदा फोन कानाला. लहानपणी याच थिएटरात खेळताना त्याचं बोट खुर्चीच्या बिजागरीत अडकलं होतं आणि मावशीनं ते तेल लावून सोडवलं होतं. ती त्याला मालक म्हणायची, अहो-जाहो करायची. फक्त चिडली की बोटाची आठवण यायची.

"मालक, बसवाला काढू नका."

"मावशी, चाळीस माणसं येतायत. चाळीस."

"पण चाळीसच्या चाळीस पुढं सरकून बसलीत."

"मागच्या वर्षी घोड्यालाही सरकली होती," मालक म्हणाले. म्हणताना ते हसले, आणि दारात उभा असलेला खिडकीवालाही हसला.

मावशीचा चेहरा लाल झाला. "ती माझी चूक होती. स्पंज माझा होता. या वेळी गाद्या उलटून बघितल्यात मी. आणि तुझं बोट अडकलं होतं तेव्हा तू कुणाच्या नावानं हाका मारल्यास? बापाच्या? आईच्या?"

"बरं, बरं." मालकांनी फोन खाली ठेवला. त्यांनाही चेव आला. "गुरुवार, दुपारी तीनचा खेळ. अर्धं थिएटर भरलेलं दाखवा. भरलं तर बसवाला राहील, धुरावाल्यांना मी आठवडाभर थांबवतो. नाही भरलं तर तुम्ही इथं यायचं, खुर्च्या शिवायच्या आणि तोंडही शिवायचं. परत कुठल्या पिक्चरबद्दल एक अक्षर नाही. मला नाही, खिडकीवर नाही, दारात माणसांना नाही. माणसं तिकीट काढायच्या आधी तुमच्या दुकानाकडं बघतात, हे मला परवडत नाही."

मावशीचं तोंड बंद म्हणजे काय, हे खिडकीवाल्याला कळत होतं. तो हसायचा थांबला.

"आणि भरलं तर मला काय?" मावशीनं विचारलं.

"पिक्चर राहिला ना."

"तो लोकांना मिळाला. मला शुक्रवारचा पहिला खेळ. मधली रांग, मधली खुर्ची. दर शुक्रवारी. आणि शेजारची माझ्या नवऱ्याला."

"काका झोपतात."

"झोपू दे. त्याचंही मत असतं ते."

तीन दिवस उरले होते. मावशीनं दुकानाच्या फळीवर खडूनं लिहिलं: बसवाला बघा, गुरुवार दुपारी तीन. ज्याची सीट तयार झाली त्याला ती सीट देताना अर्धी गोष्ट सांगायची आणि नेमकी वळणावर थांबायची. "पुढं काय झालं?" माणूस विचारायचा. "पुढं तीन वाजता." न्हाव्याची खुर्ची मंगळवारी सकाळी परत गेली. तिच्यावर गळ्याला कापड बांधून बसलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. न्हाव्यानं एकालाही सोडलं नाही. दातांच्या डॉक्टरांकडं मावशी स्वतः गादी घेऊन गेली. तिथं तोंड उघडं ठेवून पडलेल्या बाईला तिनं सगळं समजावलं, आणि त्या बाईला नाही म्हणायची सोयच नव्हती.

सगळ्यात अवघड जागा जिन्यावर होती. मंगळवारी संध्याकाळी ती जावेच्या दाराशी गेली. जाऊ कपड्यांच्या घड्या घालत होती.

"काय वहिनी, घोडा परत आला?"

"नाही." मावशी उंबऱ्यावरच थांबली. "त्या वेळी चुकलं माझं. स्पंज मी भरला होता, कळलंही मला होतं, आणि सांगितलं नाही मी तुला. अकरा माणसांची संध्याकाळ घालवली. आत्याबाई रडल्या. तेवढं सांगायला आले."

जावेच्या हातातली घडी तशीच राहिली. लग्न होऊन आल्यापासून तिनं थोरल्या जावेच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द ऐकला नव्हता. वर्षभर लागलेली चेष्टेची सवय तिला आता कुठं ठेवावी ते कळेना.

"बघू," ती म्हणाली.

आणि नवरा? बुधवारी सकाळी तो उठला, बस डेपोतल्या चालकांच्या सहा सीटा शिवून पडल्या होत्या त्या हातगाडीवर चढवल्या आणि निघाला. एरवी सीटा न्यायला डेपोचा माणूस यायचा. हा स्वतः गेला. डेपोत काय झालं ते मावशीला नंतर एका चालकाकडून कळलं. तो म्हणाला, काकांनी सीटा उतरवल्या, जेवणाच्या खोलीत शिरले, सगळ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बसवाल्याचा पिक्चर आहे. बघा." मग परत गेले. आम्ही अठरा वर्षं त्यांना ओळखतो, चालक म्हणाला. आम्हाला वाटलं कुणी गेलं की काय.

गुरुवारी अडीचला मावशी थिएटरच्या दारात उभी राहिली. खिडकीवाल्यासमोर पाटी होती, तिच्यावर तो तिकिटांचा आकडा लिहीत होता. चारशे वीसचं अर्धं, दोनशे दहा. अडीचला बत्तीस. पावणेतीनला न्हावी आपल्या गिऱ्हाइकांचं लटांबर घेऊन आला, काहींच्या मानेवर अजून केस चिकटलेले, सत्तर. मग डेपोची पाळी सुटली आणि रस्त्याच्या टोकाला खाकी गर्दी दिसली. चालक, वाहक, त्यांच्या बायका, डेपोतला मेकॅनिक हात पुसत. दातांच्या डॉक्टरांनी दवाखाना बंद करून सगळा स्टाफ आणला होता. ती तोंड उघडं ठेवणारी बाईही आली, गाल सुजलेला. तीनला पाच कमी असताना खिडकीवाल्यानं लिहिलं: एकशे त्र्याण्णव.

मग रस्ता रिकामा झाला.

मालक बाहेर आले. घड्याळ बघितलं. चांगला माणूस होता, त्याला वाईट वाटत होतं. "मावशी, जवळपास आणलंत. पण..."

"तीन वाजले नाहीत."

तीनला दोन मिनिटं असताना कोपऱ्यावरून धाकटी जाऊ आली. मागं अकरातले नऊ. आणि नवव्याचा हात धरून आत्याबाई, काठी टेकत, "या वेळीही घोडा असेल तर मी घरी जाणार" असं सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं सांगत. खिडकीवाल्यानं अकरा तिकिटं फाडली. पाटीवर लिहिलं: दोनशे चार.

घंटा झाली.

"सहा कमी," मालक हळूच म्हणाले. "बोलणं झालं होतं आपलं, मावशी. अर्धं थिएटर."

खिडकीवाल्यानं खडू खाली ठेवला. जाऊ काहीतरी बोलणार होती, पण मावशीनं हात वर केला. तिच्या तोंडावर हळूहळू असं काही पसरत गेलं की मालक अर्धं पाऊल मागं सरकले.

"थिएटरात खुर्च्या किती, मालक?"

"चारशे वीस. माहितीये तुम्हाला."

"थिएटरात, म्हणतेय. भुतानं फाडलेल्या अठरा गाद्या माझ्या दुकानात थप्पी लावून पडल्यात. इथं नुसते लोखंडी सांगाडे आहेत. त्यांच्यावर कुणाला बसवणार? तुम्ही बसता?"

खिडकीवाला खडू उचलून पाटीवर कामाला लागला होता. चारशे वीसमधून अठरा गेले, चारशे दोन. त्याचं अर्धं, दोनशे एक.

"तीन जास्तच आहेत, साहेब," तो म्हणाला, आणि आकड्याभोवती इतक्या जोरात गोल काढला की खडू मोडला.

मालक आधी पाटीकडं बघत राहिले, मग स्वतःच्या बोटाकडं. मग त्यांना हसू फुटलं, ते थांबेना. "जा आत," ते म्हणाले. "जा, सुरू करतोय."

मावशीला आत बसायला जागा होती, पण ती मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. तिला पिक्चर बघायचा नव्हता, माणसं बघायची होती. अंधारात दोनशे चार पाठी. पहिली वीस मिनिटं त्या पाठी खुर्च्यांना टेकलेल्या होत्या. मग डेपोच्या रांगेतली एक पुढं झाली. मग तिच्या शेजारची. मध्यंतरानंतर म्हातारा बसमध्ये डोळे मिटून थांबे सांगायला लागला, तेव्हा सगळं थिएटर पुढं झुकलेलं होतं, वारा लागल्यावर पीक झुकतं तसं. एक थांबा म्हातारा चुकला. पडद्यावरच्या मुलीच्या आधी डेपोचे चाळीस जण एका आवाजात म्हणाले, "बरोबर!"

आणि तिच्या शेजारी, भिंतीला टेकून, तिचा नवरा उभा होता. टक्क जागा. तो कधी येऊन उभा राहिला तिला कळलं नव्हतं. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही.

"अगदी असाच झोल बसतो," तो म्हणाला. "आपल्या डेपोच्या वळणाला."

एकोणतीस वर्षांत पिक्चरबद्दल त्यानं पहिल्यांदा मत दिलं होतं.

शुक्रवारी बसवाला तीनशेवर गेला. शनिवारी दुपारी खिडकीवाला धावत दुकानात आला, धाप लागलेली. "मावशी, साहेबांनी सांगितलंय, त्या अठरा गाद्या आत्ताच्या आत्ता पाहिजेत. माणसं सांगाड्यांवर बसायला तयार झालीत!" मावशी आणि नवरा साडेपाचपर्यंत दाभण खाली न ठेवता, मशीन न थांबवता बसले. जाऊ वरून उतरून काथ्या पिंजायला बसली. आत्याबाई खिळे मोजून देत होत्या आणि मधेच सगळ्यांना पिक्चरची गोष्ट सांगत होत्या, पुरती चुकीची. सहाच्या खेळाला अठरा गाद्या जागेवर होत्या, चारशे वीस माणसं आत होती, आणि दारावर खिडकीवाल्यानं जागा भरल्याची पाटी लावली. ती पाटी कपाटात कुठं ठेवली होती ते शोधायला त्याला पंधरा मिनिटं लागली.

बसवाला आणखी सहा आठवडे चालला. धुरावाले सहा आठवडे थांबले.

सातव्या शुक्रवारी पहिल्या खेळाला मावशी आत गेली ती पुढच्या दारानं. मधली रांग, मधली खुर्ची. गादी तिनं स्वतःच दोन दिवस आधी नव्यानं भरली होती, काथ्यानं. परीक्षणवाला आला, आपली जागा गेलेली बघून थबकला, आणि एक खुर्ची सोडून मुकाट्यानं बसला. मालकांनी थंड बाटली आणली ती मावशीच्या हातात दिली. डावीकडं नवरा. पडद्यावर पहिला धूर निघाला आणि नवऱ्याची मान छातीवर आली.

मध्यंतरात दिवे लागले. अख्ख्या थिएटरनं मधल्या रांगेकडं बघितलं. न्हावी, जाऊ, डेपोचे चालक, झाडूवाली वहिनी दारात. मालक घाईघाईनं बोळातून आले, घाम पुसत.

"मावशी? कसा वाटतोय?"

मावशीनं मांडीवरचा पॉपकॉर्नचा पुडा उचलला, मालकांसमोर उलटा धरला आणि हलवला. एक दाणा पडला नाही. तळ चाटून पुसून स्वच्छ होता. शेजारी नवरा घोरत होता.

मालकांनी एक लांब श्वास सोडला, खिशातून फोन काढला आणि पुढच्या शुक्रवारसाठी दुसरा पिक्चर विचारायला बाहेर गेले.